अमेरिकेच्या जन्मदाखल्यावरचं भांडण

४ जुलै २०२६ ही अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला अडीचशे वर्षं पूर्ण होण्याची तारीख. वाढदिवस म्हटला की जन्मतारीख आली, आणि तिथे गेली काही वर्षं भांडण चाललंय ते नेमकं तिच्यावरूनच. ऑगस्ट २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ‘१६१९ प्रकल्प’ छापला. या देशाची खरी सुरुवात १७७६ मध्ये शोधू नका, व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकी गुलाम उतरवले गेले त्या १६१९ मध्ये शोधा, असं त्याचं म्हणणं. वर्षभराने ट्रम्प यांनी उत्तरादाखल ‘१७७६ आयोग’ जाहीर केला. त्याचा अहवाल १८ जानेवारी २०२१ ला आला आणि दोनच दिवसांनी बायडेन यांनी सत्तेवर येताच आयोग मोडीत काढला. त्याच वर्षी जूनमध्ये फ्लोरिडाच्या शिक्षण मंडळाने शाळांमधून १६१९ प्रकल्प शिकवायला बंदी घातली. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात मुलं वाढवणाऱ्या मराठी घरांतही हा वाद आता पोचलाय, कारण इतिहासाचं पुस्तक मुलांच्या दप्तरातूनच घरी येतं.

हा वाद ज्या रीतीने घातला जातोय ती रीतच मला मान्य नाही. दोन्ही बाजूंना देशाचा जन्मदाखला हवा आहे. जन्मवेळ सापडली की कुंडली मांडता येते आणि कुंडली मांडली की पुढचं सगळं ठरूनच जातं. एका बाजूच्या मते देश स्वातंत्र्याच्या नक्षत्रावर जन्मला. गुलामी हा मधला डाग, तो पुढे धुतला गेला. दुसऱ्या बाजूच्या मते देश गुलामीच्या नक्षत्रावर जन्मला. स्वातंत्र्याची भाषा हा वरचा मुलामा. माणसांनी काही ठरवलं, ठरवताना घासाघीस केली, मतं मोजली, कुणी थोडक्यात हरलं, याला दोन्ही कुंडल्यांत घर नाही. माझ्या मते अमेरिका हे राष्ट्र घडलं ते मुख्यतः १७८४ ते १७९० या काळात, आणि ते व्यवहार करून घडलं. त्या व्यवहारांना तारखा आहेत, मतदानाच्या नोंदी आहेत, नावं आहेत. वेगळं ठरवण्याची वाटही त्या वेळी उघडी होती. म्हणून विचारायचं ते कुठल्याही व्यवहाराबद्दल विचारतो तेच: कुणी काय दिलं, कुणाला काय मिळालं, आणि ज्यांच्या जिवावर सौदा झाला त्यांना कुणी विचारलं होतं का?

१६१९ च्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मोकळेपणाने मान्य करू. ऑगस्ट १६१९ च्या अखेरीस पॉइंट कम्फर्टला ‘व्हाइट लायन’ हे इंग्रज लुटारू जहाज लागलं. पोर्तुगीज जहाजावरून पळवलेली वीसेक आफ्रिकी माणसं त्याने शिधासामग्रीच्या बदल्यात दिली. पुढच्याच वर्षी इंग्रज वसाहतवाल्यांना आणणाऱ्या ‘मेफ्लॉवर’ जहाजाच्या कथा मुलांना सांगितल्या गेल्या. हे जहाज मात्र फार तर एका ओळीत उरकलं गेलं. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं राष्ट्राध्यक्षपदावर व्हर्जिनियाचे मळेवाले होते. जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलामीत ठेवली. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष म्हणून फिलाडेल्फियात राहत असताना तिथल्या कायद्याप्रमाणे सहा महिने सलग राहिलेला गुलाम मुक्ततेचा हक्क सांगू शकत होता. म्हणून तो आपल्या घरच्या गुलामांना मुदत भरायच्या आत राज्याबाहेर फिरवून आणत असे. त्यांच्यातली ओना जज १७९६ मध्ये पळाली, न्यू हॅम्पशरला पोचली आणि वॉशिंग्टनने माणसं पाठवूनही परतली नाही. ज्या माणसाला गुलामीची काही खंत नव्हती तो इतका चोरून हिशेब कशाला ठेवेल, असं कुणी विचारेल. मी उलट विचारतो: खंत होती म्हणावं, तर हिशेब इतका चोख कसा?

तरीही १६१९ ला मुहूर्तमेढ म्हणायला गेलं की इतिहासच आडवा येतो. त्याच वर्षी ३० जुलैला, त्याच वसाहतीत, जेम्सटाउनच्या चर्चमध्ये व्हर्जिनियाची पहिली प्रतिनिधिसभा भरली होती. एकाच उन्हाळ्यातल्या या दोन घटनांपैकी कुठली ‘खरी’? शिवाय १६१९ ला जी गुलामी उतरली ती तयार होऊन आलेली नव्हती. १६२१ मध्ये आंतोनियो या नावाने आणलेला एक आफ्रिकी पुढे अँथनी जॉन्सन झाला, सुटला आणि १६५० च्या दशकात अडीचशे एकरांचा मालक बनला (त्याने स्वतःही एका काळ्या माणसावर मालकी सांगितली आणि कोर्टात ती मिळवली, इतिहास कुणाचीच सोय पाहत नाही). आईची जी अवस्था तीच मुलाची, हा कायदा व्हर्जिनियाने केला १६६२ मध्ये. १६७६ च्या बेकनच्या बंडात गोरे करारबद्ध मजूर आणि काळे गुलाम खांद्याला खांदा लावून लढले, आणि त्यानंतर दोघांमधली भिंत कायद्याने उंच होत गेली. गुलामीविषयीची सगळी कलमं एकत्र करणारा कायदा आला १७०५ मध्ये. म्हणजे गुलामीसुद्धा एकेका कलमाने, एकेका मतदानाने रचली गेली. ती ‘देशाच्या रक्तातच होती’ असं म्हणणं म्हणजे ती कलमं लिहिणाऱ्यांना परस्पर सोडून देणं आहे. रक्तावर कुणी खटला भरत नाही.

क्रांती गुलामी वाचवण्यासाठी झाली, हा या बाजूचा सर्वांत गाजलेला दावा. त्याला आधार नाही असं नाही. १७७२ मध्ये लंडनला न्यायाधीश मॅन्सफील्डने सॉमरसेट खटल्यात गुलामाला जबरदस्तीने इंग्लंडबाहेर नेता येणार नाही असा निकाल दिला. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने बंडखोर मालकांच्या गुलामांना राजाच्या फौजेत आल्यास स्वातंत्र्य देऊ केलं, आणि कुंपणावर बसलेले कित्येक मळेवाले त्या एका जाहीरनाम्याने बंडाच्या बाजूला ढकलले गेले. पण क्रांतीच्या पहिल्या गोळ्या लेक्सिंग्टनला झाडल्या गेल्या त्या एप्रिल १७७५ मध्ये. जिथे गुलाम तुलनेने फार कमी होते त्या मॅसॅच्युसेट्समध्ये आग आधी लागली, आणि जिथे सर्वांत जास्त फायद्याचे होते त्या जमैका-बार्बाडोसने बंड केलंच नाही. न्यूयॉर्क टाइम्सनेही मार्च २०२० मध्ये आपलं वाक्य बदलून ‘काही वसाहतवाल्यांनी’ असं केलं. या दुरुस्तीत वाद संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण दोन्ही बाजूंना कारणापेक्षा कुंडलीत रस होता.

आता १७७६ ची बाजू. तिचा सर्वांत बळकट मुद्दा असा की ‘सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत’ हे वाक्य एकदा कागदावर आल्यावर ते लिहिणाऱ्यांच्या हातात राहिलं नाही. हे खरंच आहे. जाहीरनाम्याला सहा महिने होतात न होतात तोच जानेवारी १७७७ मध्ये बोस्टनच्या प्रिन्स हॉल आणि इतर काळ्या नागरिकांनी नैसर्गिक हक्कांची तीच भाषा वापरून मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे गुलामी संपवण्याचा अर्ज केला. त्या राज्याच्या १७८० च्या घटनेत ‘सर्व माणसं जन्मतः मुक्त आणि समान’ असं कलम आलं, आणि पुढच्याच वर्षी शेफील्ड गावातल्या मम बेट या गुलाम बाईने त्या कलमावर बोट ठेवून मालकाविरुद्ध खटला भरला, जिंकला आणि एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं. तिला लिहितावाचता येत नव्हतं. याहून मोठा पुरावा विरुद्ध पक्षाकडून येतो. मार्च १८६१ मध्ये बंडखोर दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स याने सव्हानाच्या भाषणात उघड सांगितलं की जेफरसन आणि त्याच्या काळचे बहुतेक पुढारी गुलामीला निसर्गनियमाविरुद्ध मानत होते, वंशांच्या समानतेवर आधारलेल्या त्यांच्या कल्पना मुळातच चुकीच्या होत्या, आणि आमचं नवं सरकार नेमक्या उलट कल्पनेवर उभं आहे. देश गुलामीवरच स्थापन झाला होता, तर गुलामीसाठी देश फोडणाऱ्याला संस्थापकांना चूक ठरवावं का लागलं?

पण इथेच १७७६ वाले एक हातचलाखी करतात. मम बेटचं श्रेय ते जेफरसनच्या खात्यावर जमा करतात. वाक्य आपोआप कुणाला सोडवत नाही. त्याच वाक्याच्या सावलीत दक्षिणेत लाखो माणसं कापसाच्या शेतात मेली. आणि जाहीरनाम्याचाच मसुदा पाहा. त्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा मोठा परिच्छेद होता. वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँग्रेसने, तो काढला. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाची मर्जी राखण्यासाठी काढला, असं जेफरसनने टिपून ठेवलंय, आणि पुढे असंही की उत्तरेकडचे बंधूही या बाबतीत जरा हळवे होते, कारण त्यांच्याकडे गुलाम थोडे असले तरी इतरांना गुलाम पुरवण्याचा धंदा त्यांनी बराच केला होता. म्हणजे समानतेचा जाहीरनामा ही मुळात वाटाघाटीतून उरलेली संहिता आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ती काळाची लेकरं होती, आजच्या मापाने मोजू नका. आजचं माप राहू दे बाजूला. त्यांच्याच काळाचं घेऊ. व्हर्मॉन्टने १७७७ च्या घटनेतच प्रौढांची गुलामी नाकारली. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये टप्प्याटप्प्याने गुलामी संपवणारा कायदा केला. ऑगस्ट १७८७ मध्ये फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेतच गव्हर्नर मॉरिस (गव्हर्नर हे त्याचं नाव, पद नव्हे) उठला आणि गुलामीला परमेश्वराचा शाप म्हणाला. फेब्रुवारी १७९० मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या गुलामीविरोधी संस्थेचा अर्ज नव्या काँग्रेसपुढे आला, त्यावर सही होती बेंजामिन फ्रँकलिनची. जॉर्जियाच्या जेम्स जॅक्सनने सभागृहात गुलामीची तरफदारी केली. तेव्हा ८४ वर्षांच्या फ्रँकलिनने मरणाच्या महिनाभर आधी वर्तमानपत्रात एक विडंबन छापलं: अल्जीरियाचा एक मुत्सद्दी ख्रिस्ती लोकांना गुलाम ठेवणं कसं गरजेचं आणि त्यांच्याच हिताचं आहे हे जॅक्सनच्याच युक्तिवादांनी पटवून देतो. आज ते वाचतानाही हसू येतं आणि मग लाज वाटते. काळाच्या लेकरांत ही लेकरंही होती. त्यांचं म्हणणं त्या काळात कानावर पडलं नव्हतं असं कुणाला म्हणता येईल?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मार्च १७८४ मध्ये जेफरसनने ऍपलेशियन डोंगरांपलीकडच्या मुलखासाठी एक योजना काँग्रेसपुढे मांडली. त्यात एक कलम होतं: १८०० नंतर तिथे कुठेही गुलामी असणार नाही. हा मुलूख फक्त उत्तरेचा नव्हता; पुढे जिथे टेनेसी, अलाबामा, मिसिसिपी झाली तो दक्षिणेचा पट्टाही योजनेच्या आवाक्यात होता. १९ एप्रिलला मतदान झालं. कलम टिकायला सात राज्यं लागत होती; सहा मिळाली. न्यू जर्सीचा कौल मोजायला किमान दोन प्रतिनिधी हजर लागत. त्यांतला एक आजारी पडून मुक्कामी होता. कलम गळलं. दोन वर्षांनी जेफरसनने लिहिलं की लाखो न जन्मलेल्यांचं नशीब एका माणसाच्या जिभेवर लोंबत होतं, आणि त्या भयंकर क्षणी स्वर्ग गप्प राहिला. वाक्य सुंदर आहे. पण स्वर्गावर ढकलण्याआधी त्याने शेजारच्या खुर्च्यांकडे पाहायला हरकत नव्हती. व्हर्जिनियाचेच त्याचे दोन सहकारी कलमाविरुद्ध मत देऊन बसले होते.

हे कलम पास झालं असतं तर पाळलं गेलं असतं का? शंका रास्त आहे. सोळा वर्षं गुलाम घेऊन जाऊ द्यायचे आणि मग एके दिवशी सोडा म्हणायचं, हे कठीणच होतं. पण कागदी बंदी अगदीच फोल नसते हेही तीन वर्षांनी दिसलं. १३ जुलै १७८७ ला न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या जुन्या काँग्रेसने ओहायो नदीच्या वरच्या मुलखासाठी अधिनियम केला आणि त्याच्या सहाव्या कलमाने तिथे गुलामी मना केली. दक्षिणेच्या हजर राज्यांनीही होकार दिला. इंडियानाच्या वसाहतवाल्यांनी नंतर हे कलम स्थगित करा म्हणून पुन्हापुन्हा अर्ज केले. इलिनॉयमध्ये करारांच्या आडून गुलामी चालूही राहिली. तरी १८२४ मध्ये इलिनॉयच्या मतदारांनी गुलामी आणू पाहणाऱ्यांचा डाव मतपेटीतून उधळला, तेव्हा त्यांच्या पाठीशी ३७ वर्षांपूर्वीचं हे कलम होतं. मग दक्षिणेकडच्या मुलखाचं काय? १७९० मध्ये तिथे जवळपास हाच अधिनियम लागू झाला, फक्त हे एक कलम वगळून.

आणि आता तारीख पुन्हा पाहा: १३ जुलै १७८७. आदल्याच दिवशी, १२ जुलैला, न्यूयॉर्कपासून दीडशे किलोमीटरवर फिलाडेल्फियात घटना परिषदेने तीन-पंचमांशाचं सूत्र मान्य केलं होतं: प्रतिनिधींच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं मोजायची. या सूत्राबद्दल आज हमखास सांगितलं जातं की घटनेने काळ्या माणसाला तीन-पंचमांश माणूस ठरवलं. हे उलटं वाचन आहे. गुलामांची पूर्ण मोजणी व्हावी असा आग्रह मालकांचा होता, कारण मोजणीवर जागा ठरणार होत्या; शून्य मोजा म्हणणारे गुलामीचे विरोधक होते. गुलामाला मत नव्हतंच. त्याच्या नावावरचं वजन मालकाच्या पारड्यात पडायचं. १८०० च्या निवडणुकीत जेफरसनला ७३ आणि ऍडम्सला ६५ मतं मिळाली. गुलामांमुळे वाढलेली मतं वजा केली तर ऍडम्स जिंकला असता, असा हिशेब अनेक इतिहासकारांनी मांडलाय.

ऑगस्टमधला सौदा तर त्याहून उघडा आहे. उत्तरेच्या जहाजमालकांना नौवहनाचे कायदे साध्या बहुमताने करता यायला हवे होते. दक्षिणेच्या टोकाला आफ्रिकेतून गुलाम आणणं चालू ठेवायचं होतं. समितीत दोन्ही मागण्या एकमेकींना बांधल्या गेल्या. गुलामांची आयात १८०० पर्यंत रोखायची नाही असं आधी ठरलं. मग २५ ऑगस्टला साउथ कॅरोलिनाच्या पिंक्नीने १८०८ ची सूचना आणली आणि तिला अनुमोदन दिलं ते मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधीने. बाजूने सात राज्यं: न्यू हॅम्पशर, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलिना, साउथ कॅरोलिना, जॉर्जिया. विरोधात चार: न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर आणि व्हर्जिनिया. ही यादी दोन्ही बाजूंच्या नकाशात बसत नाही. बोस्टनच्या परिसरात क्रांती पेटली, त्याच मॅसॅच्युसेट्सने गुलामांच्या व्यापाराला वीस वर्षं दिली; मळेवाल्या व्हर्जिनियाने विरोध केला. विरोध तत्त्वाचा होता का? थोडा असेलही. पण परिषदेतच पिंक्नीने टोला हाणला होता की आयात थांबली तर व्हर्जिनियाचा फायदाच आहे, तिच्याकडच्या गुलामांचे भाव वाढतील. व्हर्जिनियाचा प्रतिनिधी मॅडिसन म्हणाला होता की या आयातीतून जेवढं नुकसान व्हायचं ते सगळं करायला वीस वर्षं पुरेशी आहेत. साउथ कॅरोलिनाने १८०३ मध्ये बंदर पुन्हा उघडलं आणि शेवटच्या चार वर्षांत चार्ल्सटनला सुमारे ४० हजार आफ्रिकी उतरवले.

या सगळ्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप मला टाळायचा नाही. तो असा: सौदा केला नसता तर संघ झालाच नसता. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जिया उठून गेले असते, त्यांचं वेगळं गुलामी राष्ट्र झालं असतं, आणि १८६५ मध्ये ज्या संघाच्या फौजेने गुलामी मोडली तो संघच नसता. हा युक्तिवाद विचार करून केलेला आहे, आणि ‘तत्त्वाशी तडजोड नको’ अशा घोषणेने तो उडवता येत नाही. पण त्यात एक गृहीतक आहे: धमकी खरी होती. जॉर्जियाची अवस्था पाहा. पश्चिमेला मस्कोगी या मूलनिवासींशी संघर्ष पेटलेला, दक्षिणेला फ्लोरिडात स्पेन. त्या छोट्या राज्याला संघाच्या फौजेची गरज इतकी होती की २ जानेवारी १७८८ ला, अकरावी-बारावी नव्हे, चौथ्या क्रमांकाने आणि एकमताने तिने घटना स्वीकारली. साउथ कॅरोलिना युद्धाच्या कर्जात बुडालेली होती. ती कर्जं संघाने उचलावीत ही तिची निकड होती. इतकी गरज असलेला गडी खेळ टाकून जाईल असं समोरच्यांनी धरून चालावं, यात भीती किती आणि सोय किती? धमकी तपासून पाहायची तसदीच कुणी घेतली नाही, असं नोंदी वाचताना वाटत राहतं. कनेक्टिकटचा एल्सवर्थ म्हणाला, आपण यात पडू नये. पिंक्नी घरी जाऊन आपल्या लोकांना म्हणाला, या प्रकारच्या मालमत्तेच्या सुरक्षेसाठी मिळवता येतील तितक्या चांगल्या अटी आम्ही मिळवल्या आहेत. याहून चांगल्या मिळाल्या असत्या तर आवडलंच असतं, पण एकंदरीत वाईट नाहीत. सौदा करून आलेल्या माणसाची ही भाषा आहे.

दोन्ही बाजूंच्या नजरेतून सारखीच निसटते ती जमीन. १७६३ मध्ये राजाने ऍपलेशियनच्या पलीकडे वसाहत करू नका अशी रेघ ओढली, तेव्हा जमिनीच्या सट्ट्यात पैसा घातलेली माणसं खवळली, वॉशिंग्टन त्यांतलाच. स्वतंत्र झाल्यावर काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नव्हता, डोक्यावर युद्धाचं कर्ज होतं आणि हातात विकण्यासारखं एकच होतं. १७८५ च्या अधिनियमाने त्या मुलखावर चौकडा घातला: सहा मैल बाय सहा मैलांचा एक तुकडा, त्याचे ३६ चौरस, प्रत्येकी ६४० एकर, सोळावा चौरस शाळेसाठी राखीव. मी विमानातून ओहायो-इंडियाना पाहिलं आहे. तो चौकडा अजून जसाच्या तसा दिसतो. आणि १७८७ च्या अधिनियमाने या मुलखातून जी राज्यं होतील ती जुन्या तेरांच्या बरोबरीची असतील असं ठरवलं. हे जगावेगळं होतं, मानायलाच हवं. कुठल्या साम्राज्याने आपल्या नव्या वसाहतीला मायदेशाच्या बरोबरीचं आसन आधीच लिहून दिलं होतं?

त्याच अधिनियमाचं तिसरं कलम म्हणतं की मूलनिवासींशी नेहमी सचोटीने वागलं जाईल आणि त्यांची जमीन त्यांच्या संमतीशिवाय कधीही घेतली जाणार नाही. पण जमीन तर मोजून झाली होती. शॉनी, मायामी, डेलावेअर लोक लढले. ४ नोव्हेंबर १७९१ ला लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट या त्यांच्या पुढाऱ्यांनी अमेरिकी सेनापती सेंट क्लेअरच्या फौजेची दाणादाण उडवली, सहाशेवर सैनिक मेले; मूलनिवासींविरुद्ध अमेरिकी फौजेचा एवढा मोठा पराभव पुन्हा झाला नाही. १७९४ मध्ये पारडं फिरलं, १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहात ओहायोचा बहुतेक भाग गेला. संस्थापकांच्या हातून झालेलं गुलामीविरोधातलं सर्वांत ठोस काम ज्या जमिनीवर झालं ती अशी मिळवलेली होती. हे १७७६ च्या गौरवकथेत बसत नाही आणि १६१९ च्या अभियोगातही पुरतं बसत नाही.

जाता जाता एक गंमत, आपल्या बाजूची. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ज्याची फौज शरण गेली तो इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, हरिपंत फडक्यांच्या मराठी फौजांना बरोबर घेऊन श्रीरंगपट्टणावर चालून गेला आणि १७९३ मध्ये बंगालवर कायमधारा लादून मोकळा झाला. ओहायोत चौकडे आखले जात होते, त्याच वर्षांत बंगालमध्ये जमीनदार मालक ठरवले जात होते. कसणाऱ्याला दोन्हीकडे विचारलं नाही.

व्यवहार म्हटला की परिणाम मोजावेच लागतात. १७९० च्या पहिल्या जनगणनेत अमेरिकेची लोकसंख्या भरली सुमारे ३९ लाख; त्यांत गुलाम सुमारे ७ लाख. १८६० मध्ये एकटे गुलामच ३९ लाखांच्या वर होते. ज्या देशासाठी फिलाडेल्फियात घटना लिहिली गेली, तेवढी सबंध लोकसंख्या ७० वर्षांत बेड्यांत उभी राहिली. १७९३ मध्ये व्हिटनीचं कापसातली सरकी काढणारं यंत्र आलं नसतं तर हे झालं नसतं, असं म्हणतात. यंत्राने भूक वाढवली हे खरं. पण खायला मुलूख मोकळा सोडला होता तो १७८४ आणि १७९० च्या निर्णयांनी.

हा वाद आजच्यापेक्षा चांगला घातला गेला होता, तोही गुलामीविरोधकांच्याच घरात. विल्यम लॉइड गॅरिसनच्या मते घटना म्हणजे मृत्यूशी केलेला करार. ४ जुलै १८५४ ला फ्रेमिंगहॅमला त्याने तिची प्रत भर सभेत जाळली. फ्रेडरिक डग्लस आधी त्याचाच सहकारी, स्वतः गुलामीतून पळालेला. १८५१ मध्ये तो या मतापासून फुटला. संस्थापकांनी काय सौदे केले हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. ‘तुमचा चार जुलै गुलामाला काय?’ हे भाषण त्याने १८५२ मध्ये, फुटल्यानंतरच केलं. त्याचं म्हणणं असं की आतल्या खोलीत कुणाच्या मनात काय होतं याने मी बांधलेला नाही; कागदावर जे लिहिलंय ते मी वापरणार. सरन्यायाधीश टॉनीने १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात संस्थापकांचा हेतू काढून काळ्यांना नागरिकत्व नाकारलं, तेव्हा न्यायमूर्ती कर्टिसने विरोधी निकालपत्रात दाखवून दिलं की घटना मंजूर होताना पाच राज्यांत मुक्त काळे पुरुष मतदार होते. हेतूच्या राजकारणाला नोंदीने दिलेलं हे उत्तर. टॉनी आणि गॅरिसन दोघेही घटनेला गुलामीची घटना म्हणत होते, हे आज १६१९ च्या बाजूने हिरिरीने बोलणाऱ्यांनी आठवून पाहावं. आणि डग्लसला आपल्या बाजूचा म्हणून मिरवणाऱ्या १७७६ वाल्यांनी त्याचं १८५२ चं भाषण शेवटपर्यंत वाचावं.

पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष त्यागाबद्दल. अमेरिकी क्रांतीचा कैवारी लेखक थॉमस पेन वाचलेल्या या माणसाला १७७६ ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांनी ना जाहीरनाम्याला नमन केलं ना देशाला. ज्यांनी ठरवून किंमत मोजली त्या माणसांना वेगळं काढलं. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला आंबेडकरांनी संविधान सभेत जेफरसनचं वचन उद्धृत केलं: प्रत्येक पिढी हे एक वेगळं राष्ट्र आहे, ती स्वतःला बांधून घेऊ शकते, पुढच्या पिढीला नाही.

त्या जेफरसनच्या देशाच्या घटनेचं पाचवं कलम दुरुस्तीची रीत सांगतं आणि लगेच एक अपवाद जोडतं: गुलामांच्या आयातीच्या कलमाला १८०८ पर्यंत दुरुस्तीनेही हात लावायचा नाही. मार्च १८०७ मध्ये आयातबंदीच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जेफरसनने सही केली. तो अमलात आला १ जानेवारी १८०८ ला, म्हणजे सौद्याने परवानगी दिलेल्या पहिल्याच दिवशी. बाहेरची आवक थांबली आणि व्हर्जिनियाच्या गुलामांचे भाव पिंक्नी म्हणाला होता तसे चढले. पुढच्या दशकांत देशातल्या देशातच सुमारे दहा लाख माणसं वरच्या दक्षिणेतून खालच्या कापूस मुलखात नेली, विकली गेली. या एका सहीत १७७६ किती आणि १६१९ किती, हे दोन्ही बाजूंनी एकदा कागदावर मांडून दाखवावं.